हप्ता थांबला, मीटर चालूच

एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, आमच्या इमारतीची गच्ची एकदम महत्त्वाची जागा झाली. खाली फिरायला बंदी, बाग बंद, म्हणून संध्याकाळी सगळ्या मजल्यांवरची मंडळी पाण्याच्या टाकीभोवती प्रदक्षिणा घालायची. तिथंच दुसऱ्या मजल्यावरच्या, हॉटेलात नोकरी करणाऱ्या तरुणानं मला थांबवलं. "काका, बँकेनं तीन हप्ते माफ केलेत म्हणे. मग मी भरतोय कशाला?"

त्याचा पगार निम्म्यावर आला होता, त्यामुळे प्रश्न गमतीचा नव्हता. मी "उद्या सांगतो" म्हणालो आणि रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पुढच्या दीड वर्षात गच्चीवर आणखी बरेच प्रश्न आले. भाडेकरू भाडं देत नाही, वीजबिल तिप्पट आलंय, बिल्डर ताबा देत नाही, आत्ता घर घ्यावं का, आजारी माणसाला कुठल्या खोलीत ठेवावं. यातल्या बहुतेक प्रश्नांच्या तळाशी एकच घोटाळा होता. महामारीत सरकार, बँका आणि बिल्डर बरंच काही 'पुढे' ढकलतात, आणि घरात बसलेल्या माणसाला ते 'माफ' झालं असं ऐकू येतं.

१. माफ की पुढे?

२७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेनं बँकांना परवानगी दिली की, १ मार्च ते ३१ मे या काळातले कर्जाचे हप्ते ग्राहकाला हवं असल्यास स्थगित करता येतील. २२ मे रोजी ही मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. म्हणजे एकूण सहा महिने. वर्तमानपत्रांनी 'हप्तेस्थगिती' असं बरोबर छापलं होतं. व्हॉट्सअॅपवर संध्याकाळपर्यंत त्याची 'हप्तेमाफी' झाली.

या सवलतीत दोन गोष्टी मिळत होत्या. हप्ता न भरल्याचा दंड लागणार नव्हता आणि तुमची पत, म्हणजे पुढचं कर्ज देताना बँका जो अहवाल पाहतात तो, बिघडणार नव्हती. व्याज मात्र थांबणार नव्हतं. रिक्षा सिग्नलला उभी असते तेव्हा तुम्ही इंचभरही पुढे जात नाही, पण वेटिंगचं मीटर पडत राहतं. स्थगिती म्हणजे तो सिग्नल.

नोकरी गेलेल्या माणसाला सिग्नलला उभं राहावंच लागतं. ज्याच्या घरात किराण्यालाच पैसे नाहीत त्यानं व्याजाचा हिशेब करत बसू नये, सवलत घ्यावी. माझा आक्षेप पगार पूर्ण येत असताना "सगळे घेताहेत तर आपणही घेऊ" म्हणणाऱ्यांपुरता आहे. आमच्या इमारतीतच असे चार निघाले.

२. सहा हप्त्यांचे पंधरा कसे होतात

हप्त्याच्या पोटात काय असतं ते आधी पाहू. समजा तुमचं ३० लाखांचं कर्ज शिल्लक आहे, व्याज वर्षाला ८ टक्के, आणि अजून १५ वर्षं, म्हणजे १८० हप्ते बाकी आहेत. हप्ता येतो साधारण २८,६७० रुपये. ३० लाखांवर महिन्याचं व्याज होतं २०,००० रुपये. म्हणजे पहिल्या हप्त्यातले २०,००० व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ते फक्त ८,६७० रुपये. दर महिन्याला मुद्दल थोडं कमी होतं, म्हणून व्याजाचा वाटा घटतो आणि मुद्दलाचा वाढतो. कर्ज जितकं जुनं, तितका हप्ता खऱ्या अर्थानं कर्ज फेडणारा.

आता सहा महिने हप्ता थांबवा. सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात मिसळत जातं आणि ३० लाखांचे ३१ लाख २२ हजार होतात. "सव्वा लाखच वाढलं ना," असं वाटेल. पण बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते, आणि तिथं गंमत होते. ३१ लाख २२ हजार त्याच २८,६७० रुपयांच्या हप्त्यानं फेडायला १८० नव्हे, जवळपास १९५ हप्ते लागतात. सहा हप्ते थांबवले आणि त्या बदल्यात एकूण पंधरा हप्ते जास्त भरले. रुपयांत सांगायचं तर सव्वाचार लाखांच्या आसपास. त्या सव्वा लाखावर पुढची १५ वर्षं व्याज चढत राहिलं, म्हणून हे झालं.

हाच प्रयोग संपत आलेल्या कर्जावर करू. हप्ता तोच २८,६७०, पण फक्त २४ हप्ते बाकी. शिल्लक मुद्दल अंदाजे ६ लाख ३४ हजार. सहा महिने थांबलात तर एकूण एक हप्ता जास्त पडतो, फार तर थोडा वर.

म्हणजे एकाच सवलतीची किंमत एका घराला एक हप्ता, दुसऱ्याला पंधरा. ज्याचं कर्ज नवं, त्याला ती सर्वांत महाग. आणि नवं कर्ज असलेली माणसं बहुधा तरुण असतात, त्यांच्याच नोकऱ्या कच्च्या असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाचं कर्ज जेमतेम दोन वर्षांचं होतं.

मग त्यानं काय करावं? मी त्याला तीन पायऱ्या सांगितल्या. जमेल तेवढे महिने पूर्ण हप्ता. नाही जमला तर बँकेशी बोलून निदान व्याजापुरते पैसे, आमच्या उदाहरणात २०,०००, भरत राहायचे, म्हणजे कर्ज फिटत नाही पण फुगतही नाही. तेही नाही जमलं तर स्थगिती, आणि पगार सुरळीत झाला की फुगलेला सव्वा लाख पहिल्या वर्ष-दीड वर्षातच वेगळा भरून टाकायचा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरण्याचा दंड बँकांना लावता येत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

३. व्याजावरचं व्याज, आणि त्याचे दोन हजार

स्थगितीवरून मोठा वाद झाला तो 'व्याजावर व्याज' या मुद्द्यावर. सहा महिने व्याज न भरायची मुभा दिलीत, मग त्या न भरलेल्या व्याजावर पुन्हा व्याज कसलं, असा सवाल सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं की, २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांतला फरक सरकार भरेल; ज्यांनी हप्ते थांबवले नाहीत त्यांनाही तो मिळेल. पुढे २३ मार्च २०२१ रोजी न्यायालयानं रकमेची मर्यादाही काढली. स्थगितीची मुदत वाढवायला आणि सगळं व्याज माफ करायला मात्र नकार दिला.

आपल्या उदाहरणात हा फरक किती? सरळ व्याज १,२०,०००. चक्रवाढ व्याज १,२२,०१८. फरक दोन हजार रुपये. ज्या दिवशी ते खात्यात आले त्या दिवशी गच्चीवर पेढे वाटायचेच बाकी होते. न्यायालयाचा मुद्दा तत्त्वाचा होता आणि तो बरोबर होता. पण घराच्या हिशेबात खरा खड्डा मुदत वाढल्यामुळे पडला होता, आणि त्याबद्दल कुणी भांडत नव्हतं.

४. स्थगितीआधी दर विचारा

त्याच २७ मार्चला आणखी एक गोष्ट झाली होती, पण ती मागच्या पानावर गेली. रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ५.१५ टक्क्यांवरून ४.४० केला आणि २२ मे रोजी तो ४ टक्के झाला. रेपो म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अल्पमुदतीचे पैसे ज्या दरानं मिळतात तो दर. घाऊक बाजारात कांदा उतरला की भाजीवालीकडेही उतरायला हवा, हा यामागचा हिशेब. पण भाजीवाली जुना माल जुन्याच भावानं विकत असते, तसंच कर्जाचंही.

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली असतात. त्यांचा दर आपोआप उतरला. त्याआधीची कर्जं बँकेच्या स्वतःच्या जुन्या मोजपट्टीवर होती. ती रखडत, अर्धीमुर्धी उतरली. जुन्या ग्राहकाला एक अर्ज आणि थोडं शुल्क भरून नव्या पद्धतीत येता येत होतं. आपल्या ३० लाखांच्या कर्जाचा दर ८ वरून ६.८५ टक्क्यांवर आला असता तर हप्ता २८,६७० वरून २६,७१४ झाला असता. महिन्याला जवळपास दोन हजार कमी, आणि सहा महिने थांबल्याचा भुर्दंडही नाही.

हा दर कायमचा स्वस्त राहत नाही. मे २०२२ पासून रेपो चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर पोचला. म्हणून दर पडलेले असताना हप्ता कमी करून घेण्याऐवजी तोच ठेवून मुदत कमी करून घेणारे शहाणे. संकटात हात मोकळा हवा असेल तर मात्र हप्ताच कमी करून घ्यावा.

५. जूनचं वीजबिल

हे चटकन उरकू. मार्चअखेर मीटर रीडिंग बंद पडलं आणि महावितरणनं आधीच्या महिन्यांच्या सरासरीवर बिलं पाठवली. आधीचे महिने थंडीचे. लोक मात्र एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसभर घरात, पंखा, एसी, लॅपटॉप चालू. जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झालं आणि उरलेलं सगळं एकाच बिलात आलं.

अशा वेळी एकच गोष्ट तपासायची: टप्पे. घरगुती विजेचा दर पहिल्या १०० युनिटला सर्वांत कमी, १०१ ते ३०० ला जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त आणि त्यापुढे सर्वांत जास्त. तीन महिन्यांत ९०० युनिट वापरली असतील तर ती महिन्याला ३०० धरायला हवीत. मग सगळी वीज पहिल्या दोन टप्प्यांतच बसते. तीच ९०० एका महिन्याची धरली तर ४०० युनिट थेट सर्वांत महागड्या टप्प्यात जातात. बिलावर किती महिन्यांची विभागणी केली आहे ते पाहायचं, आधी भरलेली सरासरी बिलं वजा झालीत का ते पाहायचं. ते बरोबर असेल तर बिल मोठं असलं तरी खरं आहे.

६. भाडं कोण सोडतं?

१७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना सूचना केली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नये. पुन्हा तोच शब्द, 'पुढे'. पण भाडेकरूंनी ऐकलं 'माफ', मालकांनी ऐकलं 'सरकारनं आमचे पैसे वाटून टाकले', आणि दोघं एकमेकांचे फोन घेईनासे झाले.

कायद्याची बाजू भाडेकरूला फारशी अनुकूल नाही. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं मे २०२० मध्येच म्हटलं की, करारात तसं कलम नसेल तर टाळेबंदी आहे म्हणून भाडं आपोआप थांबत नाही; भरायला थोडी सवड मिळू शकते. तेव्हा भाडेकरूनं हक्काच्या भाषेत बोलण्यापेक्षा सौद्याच्या भाषेत बोलावं. मालकानंही तसंच, कारण आकडे त्याला तेच सांगतात.

२०,००० भाड्याचा फ्लॅट घ्या. भाडेकरू म्हणतो, सहा महिने १६,००० देतो. मालकाचं नुकसान २४,०००. तो अडून बसला आणि भाडेकरू गावी निघून गेला, तर २०२० च्या पावसाळ्यात पुण्यात किंवा ठाण्यात नवा भाडेकरू मिळायला दोन महिने सहज जात. ते ४०,०००, वर एजंटाचं एका महिन्याचं भाडं, वर रंगकाम. शिवाय रिकाम्या घराचा मेंटेनन्स चालूच. (भाड्यानं दिलेल्या घराला सोसायटी जे जास्तीचं बिनभोगवटा शुल्क लावते ते मात्र घर रिकामं असताना लागत नाही. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे ऐकून काही कमिट्यांना अजूनही धक्का बसतो.)

जे ठरेल ते कागदावर आणा. कमी केलेलं भाडं किती महिने, उरलेली रक्कम सोडली की नंतर द्यायची, डिपॉझिटमधून वळती करायची का. एक साधं पत्र, दोघांच्या सह्या. मूळ करारच नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर अडचण मालकाची होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लेखी आणि नोंदणीकृत करार ही जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरण्याकडे कायद्याचा कल असतो. खर्चाचं निमित्त यात टिकत नाही. ११ महिने, २०,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट असेल तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्यानं साडेपाचशे-पावणेसहाशे रुपये होतं, शहरात नोंदणीचे १,००० वेगळे. घरबसल्या ऑनलाइन होतं. तेवढ्यासाठी 'आपलाच माणूस आहे' म्हणून नोंदणी टाळणारे मला फार भेटले.

७. पाचाचे दोन

इतकं सगळं पुढे ढकललं जात असताना एक सवलत मात्र खरोखर सोडून दिलेली होती. मुंबईत घरखरेदीवरचं ५ टक्के मुद्रांक शुल्क १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात २ टक्के झालं आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ मध्ये ३ टक्के. ८० लाखांच्या घराला ४ लाखांऐवजी १ लाख ६० हजार. नोंदणी फी वेगळी, ती १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर जात नाही.

डिसेंबरमध्ये दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत जी झुंबड उडाली ती आठवली की अजून हसू येतं. मास्क हनुवटीवर, अंगठे एकाच यंत्रावर, आणि सगळे महामारीतली सवलत घ्यायला आलेले. वास्तविक घाईचं कारण नव्हतं. दस्त केल्यापासून नोंदणीला चार महिने मिळतात. ३१ डिसेंबरच्या आत सह्या करून शुल्क भरलेलं असलं की नोंदणी नंतर करता येत होती, हे सरकारनंही सांगितलं होतं.

सवलतीत घर घ्यावं का, या प्रश्नाला माझं उत्तर तेव्हाही एकच होतं: नोकरी पक्की आहे का? अडीच लाख वाचले म्हणून साठ लाखांचं कर्ज काढणं म्हणजे साडीवर सूट आहे म्हणून लग्न ठरवणं. आधीच घर शोधत होतात, पैसे तयार होते, तर मात्र ती वेळ चांगली होती, आणि घासाघीस करायलाही. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनं बिल्डरांना बांधकाम अधिमूल्यात, म्हणजे परवानग्यांसाठी भरायच्या शुल्कात, ५० टक्के सूट दिली आणि ती घेणाऱ्यांनी ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरावं अशी अट घातली. 'स्टॅम्प ड्युटी फ्री'च्या जाहिरातींमागे ही अटही होती. ज्यांनी अशा वेळी "ते तुम्ही भरणारच होतात, किमतीत काय कमी करता?" असं विचारलं त्यांना काही ना काही मिळालं.

८. ताबा सहा महिन्यांनी

बांधकाम चालू असलेलं घर घेतलेल्यांची अवस्था सर्वांत वाईट. मजूर गावी गेले, क्रेन थिजल्या. महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहबांधकाम नियामकानं, १८ मे २०२० रोजी, ज्या प्रकल्पांची पूर्णत्वाची तारीख १५ मार्च २०२० किंवा त्यानंतरची होती त्यांना सहा महिने वाढवून दिले. कायद्यात दैवी आपत्तीची तरतूद आहे, तिचा आधार घेतला गेला. ३० जूनला मिळणारं घर ३१ डिसेंबरला.

ही सहा महिन्यांची किंमत कुणी भरली? बिल्डरला उशिराचं व्याज द्यावं लागलं नाही. घर घेणाऱ्याचा कर्जाचा हप्ता चालू होता आणि जुन्या घराचं भाडंही. न्याय म्हणून हे मला आजही पटत नाही, पण अर्धे बांधलेले मनोरे बुडण्यापेक्षा हे बरं, असं नियामकानं ठरवलं.

इथं एक बारीक रेघ लक्षात ठेवायला हवी. तुमच्या करारातली ताब्याची तारीख मार्च २०२० च्या आधीच उलटून गेली असेल, तर त्या उशिराला महामारीचं पांघरूण मिळत नाही. रेरा कायद्याचं कलम १८ तुम्हाला व्याज किंवा पैसे परत मागण्याचा हक्क देतं. ५० लाख भरले असतील आणि दर ९ टक्के धरला तर एका महिन्याच्या उशिराचे ३७,५०० होतात. करार काढून तारीख पाहिल्याशिवाय बिल्डरच्या "कोविडमुळे हो, साहेब" या वाक्याला मान डोलवू नका.

९. उदबत्ती, नहाणी आणि साडेत्रेसष्ट अंश

घराच्या पैशांबद्दल इतकं झाल्यावर घराबद्दल बोलू. आजारी माणसाला कुठल्या खोलीत ठेवावं? खोली मोठी आहे की लहान यापेक्षा हवा कुठून कुठे जाते ते महत्त्वाचं. विषाणू बोलण्या-खोकण्यातून निघणाऱ्या बारीक तुषारांवर बसून हवेत तरंगतो. तेव्हा हवा निरोगी माणसांकडून आजाऱ्याच्या खोलीत आणि तिथून खिडकीबाहेर गेली पाहिजे, उलट नाही.

हे पाहायला यंत्र लागत नाही. आजाऱ्याच्या खोलीच्या दाराखालच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर, दिवाणखान्याकडे आला तर खोलीच्या खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावा आणि पुन्हा पाहा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची आणत नाही; त्या खोलीत तो बंद.

दुसरी वाट लोकांच्या ध्यानातच येत नाही. २००३ च्या सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या गृहसंकुलात तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात संशय गेला तो बाथरूमच्या जमिनीतल्या जाळ्यांवर. त्याखालच्या वाकड्या नळीत पाणी असतं, ते ड्रेनेजमधली हवा अडवतं. पाणी वाळलं होतं आणि एक्झॉस्ट पंखा सुरू केला की मैलावाहिनीतली हवा घरात ओढली जात होती. आपल्याकडे प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात तो हाच. भाडेकरू गेलेल्या, महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या फ्लॅटमध्ये तो हमखास वाळतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं. किल्ली शेजाऱ्याकडे असेल तर त्याला सांगायचं.

धारावीत यातलं काहीच शक्य नव्हतं. एका खोलीत सात-आठ माणसं, संडास सार्वजनिक. 'घरीच वेगळे राहा' हा सल्ला तिथं थट्टा ठरला असता. म्हणून महापालिकेनं माणसांना घराबाहेर, शाळा आणि सभागृहांमध्ये हलवलं.

आणि नवं घर पाहायला जाल तेव्हा एक जुना मुंबईकर नियम सोबत न्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेगच्या त्या दिवसांत उजेड यावा म्हणून घरांची कौलंसुद्धा काढली जात होती. ट्रस्टनं पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला: खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त उभी असू नये. कोनमापक नको. याचा अर्थ एवढाच की समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये हवं. सात मजल्यांची, २१ मीटर उंच इमारत समोर असेल तर साडेदहा मीटर. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींतून चालताना जे मोकळं वाटतं त्यात या ट्रस्टच्या आखणीचा मोठा वाटा आहे. गंमत अशी की प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे. उजेड-वारा हे त्याचं औषधच नव्हतं. क्षयाला आणि करोनाला मात्र ते लागू पडलं, शंभर वर्षांनी. आज झोपडपट्टी पुनर्वसनातल्या कित्येक इमारतींमध्ये मधलं अंतर जेमतेम तीन मीटर असतं.

१०. कपाटातला कागद

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, गच्चीवरचे प्रश्न बदलले. "बाबांच्या नावावरचं घर आता कुणाच्या नावावर होणार?" असं विचारायला लोक येऊ लागले, तेही दहावा-तेरावा उरकण्याआधी.

पहिला गैरसमज: नॉमिनी म्हणजे मालक. नाही. नॉमिनी म्हणजे पोस्टमननं पार्सल ज्या शेजाऱ्याकडे ठेवलं तो शेजारी. पार्सल त्याच्या हातात आहे, त्याचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या सहकारी कायद्यात नॉमिनी हा तात्पुरता सभासद होतो. घर शेवटी वारसांचं, मृत्युपत्र असेल तर त्यानुसार. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही.

दुसरा: कर्जाचा विमा आहे, म्हणजे कर्ज फिटेल. असा विमा बऱ्याचदा मूळ मुदतीपुरता आणि मूळ वेळापत्रकाप्रमाणे उतरत जाणारा असतो. आपल्या ३० लाखांच्या उदाहरणात सहा हप्ते थांबवले की कर्ज पावणेदोन वर्षं लांबतं (सहा महिने थांबलेले, पंधरा जास्तीचे), विमा जुन्याच तारखेला संपतो. पॉलिसी काढा, तारखा शेजारी ठेवा.

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलानं शेवटी चार हप्ते थांबवले, नोकरी परत लागल्यावर दोन दिवाळी बोनसांतून फुगलेली रक्कम भरून टाकली. मग एकदा जिन्यात भेटून म्हणाला, "काका, सोसायटीत नॉमिनेशन कसं करायचं?" फॉर्म तीन प्रतींत भरायचा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. पहिल्या वेळी फी नसते, बदलायचं झालं तर शंभर रुपये. कमिटीच्या बैठकीत नोंद होते आणि एक प्रत सोसायटीच्या शिक्क्यासह आपल्याला परत मिळायला हवी. ती हातात घेतल्याशिवाय ऑफिसमधून उठू नकोस, असं मी त्याला बजावलं. शिक्का कुठल्या खणात आहे ते सेक्रेटरींना सापडायला पाऊण तास लागला. तो बसून राहिला.